अल्लीपूरची प्रत

गुलाब मास्तरांना बसलेले मी एकदाच पाहिले. हिंगणघाटच्या तहसील कचेरीच्या आवारात मी लोकांचे अर्ज लिहून देई; तेथे माझी लाकडी पेटी असे आणि पेटीपुढे पक्षकारांसाठी सतरंजी. तिच्यावर माजी मालगुजारही बसून गेले. परंतु वडनेरच्या शाळेचे हे मास्तर बाजाराच्या दिवशी सायकलवर येत आणि आवारातल्या चिंचेभोवती फेऱ्या घालीत बोलत.

"बसलो का डोक्स्यातलं माणूस बी बसून जाते, मुन्शीजी," असे ते म्हणत. लिहीतही उभ्यानेच, शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या पाठीवर. नागपूर तेव्हा अजून राजधानी होते. तेथील एका प्रकाशकाने त्यांची पहिलीच कादंबरी पसंत केली, विशेषतः तिचा शेवट. परंतु हे अक्षर छापखान्यात कोणास लागणार नाही, स्वच्छ नक्कल पाठवावी, असे कळविले. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज अक्षरासाठी कधी परत आलेला नाही. म्हणून नक्कल करण्याचे काम मी पत्करले.

कादंबरी गंगा नावाच्या बाईची होती. सासरच्या जाचाने ती शेवटी विहिरीत जीव देते. तिसऱ्या प्रकरणापासून मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागलो, हे कबूल करतो. शेवटच्या पानाशी मी सहज विचारले, अशी कोणी बाई खरोखर होती काय? मास्तरांची फेरी मंदावली. गंगा म्हणजे त्यांची थोरली बहीण सकूबाई, आणि ती मेलेली नव्हती. विधवा होऊन अल्लीपूरला स्वतः शेती करीत होती.

मी टाक खाली ठेवला. ज्याची हकीकत त्याला ती वाचून दाखवावी, कबूल असेल तर अंगठा घ्यावा, मगच कागद पुढे जावा, हा माझा वीस वर्षांचा शिरस्ता. मास्तर पुष्कळ भांडले. कादंबरी म्हणजे अर्ज नव्हे, नाव बदलले आहे, लेखक कोणाला विचारीत नसतो, असे सारे त्यांनी सांगून पाहिले. मी म्हटले, मग नक्कल दुसरीकडे करून घ्या. चिंचेला आणखी काही फेऱ्या झाल्या आणि पुढल्या रविवारी आम्ही अल्लीपूरला गेलो.

सकूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी वाचीत होतो आणि मास्तर अंगणभर फिरत होते. गंगा विहिरीत पडली, तेव्हाही सूप थांबले नाही.

"मले मारलं काऊन रे, गुलाब?" त्या म्हणाल्या. "गेलती मी विहिरीवर, खोटं नाई. लोकायले संशय नको म्हणून घागर नेलती. वाकून पाह्यलं. मंग आठवलं, बैल सकाळपासून तहानले आहे. घागर भरली अन वापस आली."

"हे मले कधी सांगितलं नाई तुनं."

"तुनं इचारलं कधी?"

मास्तरांनी तिथेच फिरत फिरत नवा शेवट सांगितला आणि मी तो उतरवून घेतला. सकूबाईंनी दोनदा वाचायला लावला. अंगठा मात्र दिला नाही. "कागद बदलते लोक," त्या म्हणाल्या. "छापून आणजो, मंग देते."

नव्या शेवटाची नक्कल नागपूरला गेली आणि प्रकाशकाचे उत्तर महिन्याने आले. गंगा जगली तर कादंबरीत उरले काय? मूळ शेवट असेल तरच छापू. त्यानंतरचे मास्तर मला पाहवत नसत. एका बाजाराला म्हणत, नकार लिहून टाका. पुढल्या बाजाराला म्हणत, पस्तिशी उलटली, पुन्हा कोण छापणार? सायकल लावायची, पुन्हा काढायची, पुन्हा लावायची. अखेरीस त्यांनी मूळ शेवटास होकार दिला. मला सांगताना ते सायकलच्या साखळीकडे पाहत होते.

"तिले कोठी वाचता येते, मुन्शीजी?"

पुस्तक निघाले. मास्तरांनी बहिणीची प्रत टपालाने पाठविली, स्वतः गेले नाहीत. ती प्रत पदराखाली घेऊन सकूबाई एके दिवशी माझ्या सतरंजीवर येऊन बसल्या. "माहा अंगठा बाकी आहे," म्हणाल्या. "वाचा."

मी शेवटचे पान उघडले. वीस वर्षांत मी लिहिल्याहून एक अक्षर कमी वाचले नव्हते, की जास्त वाचले नव्हते. त्या दिवशी माझे बोट छापलेल्या ओळींवरून फिरत होते आणि तोंडाने मी अल्लीपूरच्या अंगणात उतरवून घेतलेला मजकूर बोलत होतो. बैल पाणी पितात तेथवर सकूबाईंनी ऐकले. "हो. असंच झालतं," एवढे म्हणून त्यांनी अंगठा उमटविला. खाली मी 'वाचून दाखविले, कबूल' असे लिहून सही केली. माझ्या हातची खोटी साक्ष ती एवढीच. गुलाबला दाखवून पुस्तक परत धाडा, असे सांगून त्या गेल्या.

पुढल्या बाजाराला मास्तरांनी ते पान पाहिले. गंगा बुडाल्याच्या ओळीखाली बहिणीचा अंगठा होता.

"तुमी काय वाचलं?"

"त्यांनी सांगितले होते ते."

मास्तरांनी सायकल चिंचेला टेकवली आणि ते सतरंजीवर बसले. माझा टाक मागून घेतला. छापलेल्या ओळींवर एक सरळ रेघ मारून त्यांनी समासात घागरीची हकीकत लिहिली. बसून लिहिल्यामुळे अक्षर लागत होते.

पुढे त्यांची बदली झाली. दुसरी कादंबरी त्यांनी लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पहिली ज्या कोणाकडे असेल, तिच्यात गंगा विहिरीत बुडते. अल्लीपूरच्या प्रतीत मात्र ती घागर भरते आणि घरी येते.