युनूस उजवी रेषा सोडून मध्ये आला तेव्हा

युनूस गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, शबानाचा आला. "काका, अब्बा नहीं रहे," एवढंच बोलली, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुणाचे?" त्याला आता महिना होत आला. काचबिंदूनं माझे दोन्ही डोळे गेलेत, म्हणून मी बोलतोय आणि सूनबाई लिहून घेतेय. मध्येच थांबते, नाक ओढते. मी म्हणतो, लिही बाई, रडायचं ते नंतर दोघं मिळून रडू.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आम्ही दोघं रांगत होतो. युनूसचे अब्बा, करीमचाचा, हिमरू शालींचे विणकर. निजामाच्या अमदानीतली बडी गिऱ्हाइकं पांगली, माग थंडावला, आणि बारीक वेलबुट्टी विणून विणून चाचांची नजर तर आधीच अधू झालेली. आम्ही कॉलेजात गेलो तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी आमची फुटबॉलची मॅच चुकवायचे नाहीत. आमखास मैदानावर उजव्या रेषेला खेटून पोत्यावर बसायचे, कारण युनूस आमचा राइट बॅक होता. बॅक कसला... गोल राखायचं सोडून हा पठ्ठ्या रेषेरेषेनं थेट समोरच्यांच्या कोपऱ्यापर्यंत पळत सुटायचा आणि तिथून गोलासमोर बॉल टाकायचा. मी त्याच्या पुढं, राइट आउट. मागून त्याची धाप ऐकू आली की मी आत सरकून त्याला वाट द्यायचो. चाचांना मुलगा दिसायचा नाही, पण जाता-येता त्याचे पाय ऐकू यायचे. "गया," म्हणायचे. मग जरा वेळानं, "आया."

हाफ टाइमनंतर बाजू बदलायच्या, म्हणजे आमची उजवी रेषा मैदानाच्या पलीकडं जायची. तेव्हा मी चाचांचा हात धरायचा, युनूसनं पोतं उचलायचं, आणि आम्ही तिघं मैदान आडवं ओलांडायचो. ते नीट बसेपर्यंत रेफरीसुद्धा शिट्टी तोंडात धरून थांबायचा. सगळ्यांना सवयच झाली होती त्याची.

मग आमचा सेंटर हाफ नोकरी लागून हैदराबादला गेला आणि मधली फळी पार उघडी पडली. आमच्या डांगे मास्तरांना खेळातलं खरंच कळायचं. ते युनूसला म्हणाले, तू मध्ये खेळ. कडेला राहून अर्धंच मैदान वापरतोस, मध्ये आलास तर सगळं तुझं. युनूसनं साफ नाही म्हटलं. मास्तरांना वाटलं, पोरगं डोक्यावर चढलं. मला मात्र त्यानं पाणचक्कीपाशी बसून कारण सांगितलं, "वसंता, मी मध्ये गेलो तर अब्बाला कुठं सापडणार?" मी म्हटलं, सांग ना मास्तरांना. तर म्हणाला, सांगून काय, सगळ्या टीमनं एकट्या अब्बासाठी हरायचं का? असं स्वतःलाच समजावून शेवटी तयार झाला.

पहिलीच मॅच वैजापूरच्या पोरांशी होती. मास्तरांचं बरोबर होतं हो. बॉल पायात आला की युनूस मान वर करायचा आणि दोन्ही कडांना वाटेल तिथं तो पोचवायचा. मला तर आयता जेवणाचं ताट वाढल्यासारखा मिळत होता. हाफ टाइमला गेलो तर चाचा सवयीनं उठून, हात पुढं करून उभे. मी म्हटलं, चाचा, आता तिकडं जायचं कामच नाही. तो मध्ये खेळतोय, सगळ्यात भारी तोच खेळतोय. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"मेरे कू तो आवाजच नई आया उसका," ते म्हणाले. "मेरे कू घर छोड दे, वसंता."

मॅच संपल्यावर नेतो म्हणून कसंबसं बसवलं आणि युनूसला जाऊन जसंच्या तसं सांगितलं.  खेळ सुरू झाला आणि मैदानाच्या मधून त्याचा आवाज उठला. "युनूस के पास!" मग, "वसंता कू दिया!" प्रत्येक पास देताना तो कुणाला देतोय हे ओरडून सांगायला लागला. मास्तरांनी कपाळाला हात लावला, कारण समोरचेही सगळं ऐकत होते. पण गंमत अशी की हा खरंच सांगत होता आणि त्यांना वाटायचं चकवतोय. एकदा बॉल चाचांच्या बाजूला बाहेर गेला, तो आणायला गेलो तेव्हा मी त्यांच्याकडं पाहिलं. पोत्यावर गुडघे धरून बसले होते आणि ओठांत म्हणत होते, "दिया... दिया."

चाचा गेले तरी त्याची ती सवय गेली नाही. पुढं माझे डोळे गेले, तेव्हा न सांगता तोच संध्याकाळी रिक्षा घेऊन दारात यायला लागला. मैदानाच्या कडेला आम्ही बसायचो आणि तो मला नवी पोरं कशी खेळतात ते पायापायाचं सांगायचा. शिव्यांसकट. मी आंधळा झालोय हे त्या तासाभरात मला कधी वाटलंच नाही. मग त्याच्या घशाला रोग निघाला, ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. किती रडलो मी तेव्हा, देवाला किती बोल लावले... तरी पंधरवड्यात पुन्हा रिक्षा दाराशी. मैदानावर बसल्यावर त्यानं माझा हात ओढून मांडीवर घेतला. मनगट म्हणजे आपला गोल, बोटांची टोकं म्हणजे समोरच्यांचा. बॉल जिकडं जाईल तिकडं त्याचं बोट माझ्या तळहातावर पळायचं.

शेवटच्या संध्याकाळी पोरं खेळून घरी गेली होती, मैदान शांत होतं. तरी त्याचं बोट चालूच. अंगठ्याच्या कडेनं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. मी म्हटलं, गया... आया... मग ते बोट तळहाताच्या मधोमध आलं आणि तिथं दाबून राहिलं. लई वेळ हललं नाही.

कब्रस्तानात त्याच हातानं मी त्याला मिट्टी दिली.

काल सूनबाईला म्हटलं, मला मैदानावर नेऊन सोड. पोरांचे पाय ऐकू येत होते, बॉल वाजत होता, पण कुणाकडून कुणाकडं गेला ते काही कळेना. मांडीवर हात उघडा ठेवून तसाच बसलो. अंधार पडायला सूनबाई न्यायला आली. म्हणाली, बाबा, चला, सगळे गेले. मी हात पुढं केला नाही.