ईशान्य कोपऱ्यातली गळती

आमच्या ह्यांनी तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी केली. तिकडे त्याला क्वालिटी म्हणतात. कामगाराने बनवलेला भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, भुवया चढवायच्या आणि लाल खडूने फुली मारायची. निवृत्तीला कंपनीने शाल दिली, श्रीफळ दिलं. लाल खडू बहुतेक त्यांनी स्वतःच खिशात टाकून आणला, कारण दुसऱ्या दिवसापासून तो घरात चालायला लागला. पोळी एका बाजूने जाड. कुकरची शिट्टी उशिरा. दोरीवरचे चिमटे एका रेषेत नाहीत. मी हात जोडून म्हटलं, देवा, ह्या माणसाला काहीतरी काम लाव. देव एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

काम लावलं ते माशाने. लेकीने कॉलेजात असताना ऑस्कर जातीचा एक मासा आणला होता, जेमतेम अंगठ्याएवढा. दुकानदार म्हणाला होता, ‘एवढाच राहतो, ताई.’ पुढे लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जाताना माशाच्या काचेला गाल लावून रडली आणि मला म्हणाली, ‘आई, ह्याला जप हं.’ मला कोणी जपायचं ते नाही सांगितलं. आमच्या घरात अंड्याचा वास चालत नाही, आणि मी तोंडाला पदर लावून बाजारातून कोळंबी आणायला लागले. तिची सुरी वेगळी, पाट वेगळा. मेला खाऊन खाऊन माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढा वाढला. माझ्या बांगड्या वाजल्या की काचेला नाक लावून उभा. बोटातून अलगद तुकडा घ्यायचा, दात लागू द्यायचा नाही. जीव जडला, आता लपवून काय करू.

पण टाकी होती अडीच फुटांची. वळायचं म्हटलं की बिचाऱ्याला शेपटी दुमडावी लागायची. मी म्हटलं, मोठी काचेची टाकी आणू या.

‘काचेची कोणीही आणतं,’ हे म्हणाले.

मोबाईलवर कुठल्या तरी दाढीवाल्या गोऱ्याचे व्हिडिओ बघून ह्यांना साक्षात्कार झाला होता. पाच फूट लांब टाकी, पुढून काच, बाकी सगळं प्लायवूड आणि आतून इपॉक्सीचा, म्हणजे पाणी न झिरपणारा लेप.

‘अहो, लाकडात पाणी?’

‘नाव कशाची असते? लाकडाचीच ना?’

‘नावेला पाणी बाहेरून असतं हो.’

ह्यावर उत्तर आलं नाही, प्लायवूड आलं. माझा सोफा गॅलरीत गेला आणि हॉलमध्ये भुसा उडायला लागला. पेटी जोडून झाली तशी ह्यांनी तिच्याभोवती नायलॉनची दोरी बांधली, प्रदर्शनात बांधतात तशी. आत कोणी हात घालायचा नाही. का, ते सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

आता तुम्हीच सांगा. घरात पाच फुटी नवी पेटी उभी राहते आहे आणि नारळ नाही, हळदकुंकू नाही, साधा नमस्कार नाही. हाच माणूस दर खंडेनवमीला कारखान्यातल्या तपासणीच्या यंत्राला कुंकू लावायचा, झेंडूची माळ घालायचा. फोटो आहे आमच्या कपाटात, यंत्रापुढे हात जोडून उभे आहेत. घरी मात्र, ‘हे टेक्निकल काम आहे, मधे मधे करू नकोस.’ बरं बाई! दुपारी हे जेवून घोरायला लागले तशी मी उठले. कोरडं कुंकू लाकडावर टिकत नाही, म्हणून नव्या स्कूटरला लावतो तसं तेलात चांगलं कालवून घेतलं. दोरीखालून वाकून आत हात घातला आणि ईशान्य कोपऱ्यात, तळाशी, बोटाने छोटंसं स्वस्तिक काढलं. चार अक्षता टाकल्या, हात जोडले. मग त्या लाल खडूची आठवण झाली. अक्षता वेचल्या, फडक्याने कुंकू पुसून काढलं, लाली गेली. म्हटलं, देवाला दिसलं, बास झालं.

दुसऱ्या दिवशी लेप सुरू झाला. रेझिन आणि हार्डनर असे दोन डबे, आणि ते मापायला माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा. रंग काळाकुट्ट. तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर, आणि त्याची काळी पूड थेट माझ्या पापडांवर. लेप पक्का व्हायला आठ दिवस हवेत असं जाहीर झालं. नेमकं तेव्हाच कुकरच्या शिट्टीला मासा दचकला आणि जुन्या टाकीच्या कोपऱ्यावर असा आपटला की सांधा सुटला. हॉलभर पाणी! माशाला टॉवेलमध्ये गुंडाळून बाथरूममधल्या निळ्या ड्रममध्ये सोडलं आणि हवेचा पंप लावला. हे म्हणाले, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. जुनी टाकी भंगारात गेली, ड्रम म्हणजे काही घर नव्हे, तेव्हा आता त्याचा जीव ह्या काळ्या पेटीवर होता.

आठ दिवसांनी टाकी भरली. खाली थेंब पडला तर लगेच कळावं म्हणून मी चारी बाजूंनी रांगोळीची कोरडी पूड पसरली. हे हाताची घडी घालून उभे, अगदी धरणाचं उद्घाटन करायला आलेले मंत्री. चहाच्या वेळेपर्यंत रांगोळी पांढरीशुभ्र होती. मग एका कोपऱ्यात करडी पडली, मग ओली.

अगं बाई, बुडाली की हो नाव!

काय सांगू, मला किती आनंद झाला. बहिणीला फोन केला, लेकीला केला, खालच्या मजल्यावरच्या दोघींना बोलावून रांगोळी दाखवली. कपड्यावर खुणा करायचा माझा लाल खडू आणला आणि गळक्या कोपऱ्यावर ही मोठी फुली मारली. निवृत्तीपासूनच्या पोळ्यांचा सूड एका रेघेत उगवला. ह्यांनी फुली पुसलीही नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारचे काका चौकशीला आले. मी चहा घेऊन बाहेर येत होते, तर हे त्यांना समजावत होते, ‘इपॉक्सी तशी गळत नाही हो. फक्त खाली तेल नको. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी लेप दुधावरच्या सायीसारखा सुटतो. म्हणून तर दोरी बांधली होती. पण आपल्याकडे आत तेल येणार कुठून? माझंच काहीतरी चुकलंय.’

ट्रे घेऊन मी दारातच थांबले. मागचा डावीकडचा, तळाचा कोपरा. माझा ईशान्य कोपरा. दोन वाक्यं पुरली असती. मी ट्रे खाली ठेवला आणि काकांना विचारलं, ‘साखर कमी नाही ना झाली?’

का नाही बोलले? अहो, ती फुली समोर होती ना. तीन दिवस आख्ख्या बिल्डिंगला हसवून झालं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू? मनाची समजूत घातली की वरून आणखी दोन हात बसले की भागेल, तेल काय, चमचाभर तरी होतं का. ह्यांनी वरवर घासून दोन हात दिले. पुन्हा आठ दिवस.

त्या आठ दिवसांत माशाने खाणं टाकलं. मी रोज थोडं पाणी बदलायची, पण ड्रमच्या गोल भिंतीला तोंड घासत तो एका कुशीवर कलून राहायचा. डाव्या डोळ्यावर पांढुरका पडदा आला. मी बांगड्या वाजवल्या तरी वर येईना. लेक व्हिडिओ कॉलवर म्हणायची, ‘दाखव ना गं त्याला.’ मी म्हणायची, बाथरूममध्ये रेंज येत नाही. स्टुलावर बसून कोळंबीचा तुकडा पाण्यात धरायची आणि म्हणायची, खा रे बाबा, एवढा एक खा. एकदा तिथेच बसून रडले. डोळे पुसून बाहेर आले तर हे समोर वर्तमानपत्र वाचत होते. तेव्हाही बोलले नाही. भाजी काय करू, विचारलं.

दुसऱ्यांदा टाकी भरली आणि त्याच कोपऱ्यात रांगोळी करडी पडली. ह्या वेळी मी हसले नाही, फोनही केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हॉलचं दार लावून घेतलं. दिवसभर खरवडण्याचा आवाज, मग थिनरचा वास. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्या कोपऱ्यातलं लाकूड उघडं, घासूनपुसून कोरं करकरीत. लेकीचा फोन आला तर स्पीकरवर म्हणाले, ‘मिक्सिंग चुकलं माझं.’ काकांनाही तेच सांगितलं. ह्या माणसाच्या तोंडून ‘माझं चुकलं’ मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते, तेही एका महिन्यात तीनदा. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.

पुन्हा लेप, पुन्हा आठ दिवस. मासा मरतो की राहतो एवढंच आता घरात बोलणं उरलं होतं, तेही आम्ही बोलत नव्हतो. तिसऱ्या भरणीला रांगोळी तीन दिवस पांढरी राहिली. मी सकाळी उठून आधी ती बघायची, मग देवाचा दिवा. चौथ्या दिवशी पाणी बदलून आम्ही दोघांनी ओल्या टॉवेलात माशाला आणलं आणि सोडलं. तो तळाशी पडून राहिला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. बऱ्याच वेळाने कल्ले जोरात हलले, तो उठला, पार त्या टोकापर्यंत गेला आणि शेपटी न दुमडता वळला. मी तोंडावर पदर धरला.

‘कुंकू आण,’ हे म्हणाले.

मी तोंडावरचा पदर काढला.

‘बाहेरून लाव, काचेवर. आणि पाण्यात कालव. तेलात नको.’

मी काचेकडे बघत विचारलं, ‘कधी कळलं?’

‘खरवडलं तेव्हा. लाकडात तेलाचं स्वस्तिक उतरलं होतं.’ आणि म्हणाले, ‘रेघा मात्र मापात होत्या.’

‘मग बोलला का नाहीत इतके दिवस?’

‘तू सांगशील, म्हणून थांबलो होतो.’

मी आत जाऊन कुंकू पाण्यात कालवलं. काचेवर बोट फिरवताना तो मेला आतून बोटाच्या मागे मागे फिरत होता, एकाच डोळ्याने.

तो डोळा काही सुधारला नाही. लेक आली की विचारते, ह्याच्या डोळ्याला काय गं झालं? हे म्हणतात, ड्रमला घासला असेल. मी तेवढ्यात चहा टाकायला आत जाते. खायला मात्र मी त्याला उजव्या बाजूने घालते. डावीकडून दिलेलं त्याला दिसत नाही.