तात्यांच्या नावानं

इतर बायका धार काढताना ओव्या म्हणत. आमच्या अनसूयाकाकी शिव्या देत. त्याही ओवीच्याच चालीत, गोड गळ्यानं आणि एकाच माणसाच्या नावानं. तो माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर, तात्या. काका वारल्यावर तात्यांनी दरसाल बांध थोडा थोडा सरकवत काकींचं निम्मं वावर गिळलं होतं. चावडीवर विधवेचं ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं, म्हणून काकी गायीला सांगत. "तात्याच्या बांधाला वारूळ लागू दे गं माय, वारुळात नाग निघू दे," असं म्हणत त्या सड पिळू लागल्या की चरवीत फेस चढे.

मी नगरहून लग्न होऊन काष्टीजवळच्या त्या गावात आलेली, त्यांची चुलतसून. दूध गवळ्याच्या मापातून येतं एवढंच माझं ज्ञान. सासूबाईंनी मला धार शिकायला काकींकडे धाडलं. पहिल्या दिवशी पिळून पिळून मी चरवीत जमा केला तो माझा घाम. तांबडीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ते थेट सासूबाईंसारखं. "ऊठ पोरी," काकी म्हणाल्या, "गायीला झोप याया लागली."

बाहत्तरच्या दुष्काळात काकींची चूल त्या गायीच्या दुधावरच पेटायची. तेवढ्यात तात्यांनी सामाईक गोठ्यातली म्हणून गाय वासरासकट नेली, शेजारच्या आपल्या अंगणात बांधली. काकींनी शिवी न देता चरवी घासून पालथी घातली. मला तेच भयंकर वाटलं.

तात्यांकडे धार काढायला बसायच्या त्यांच्या बायको, मंजुळाबाई. नवऱ्याचं पाऊल वाजलं तरी अंग चोरणारी बाई. गाय वासराला पाजायची, पण मंजुळाबाईंनी हात लावला की पान्हा चोरायची, वर लाथ घालायची. शेवटी तात्या काकींच्या दारात आले आणि तुम्हीच येऊन धार काढा म्हणाले.

"मी न्हाई यायची, भाऊजी," काकी शांतपणे म्हणाल्या. "पर तिला सवय लागलीय. तुमच्या नावानं चार शब्द कानावर पडल्याबिगर ती दूध सोडत न्हाई. जाऊबाईंना म्हनू द्या."

तात्या तणतणत गेले. पण दूध हवं होतं. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून मंजुळाबाईंचा पुटपुटता आवाज आला. काकी उंबऱ्यावर बसून सांगू लागल्या, "लई बारीक म्हनताय. गाय आयकत न्हाई." आवाज चढला, आणि खरंच दूध आलं. मग रोज दोन्ही वेळा मंजुळाबाई बसायच्या आणि सारी आळी कामं टाकून ऐकायची. पार सोडून तात्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. पुढं पारावरही उरली नाही.

एका संध्याकाळी त्यांनी गायवासरू आणून काकींच्या खुंट्याला बांधलं आणि मान खाली घालून परत गेले.

काकी धारेला बसल्या. तोंडातून चकार शब्द नाही, तरी चरवी भरली. मी चाट पडले. म्हटलं, मग शिव्यांचं काय?

"गायीला काय कळतंय त्यातलं? जाऊबाईंचा हात नवऱ्याच्या भ्यानं आखडलेला. आखडल्या हाताला गाय दूध देत न्हाई. बाई एकदा बोलली की हात सैल पडतोय."

म्हणजे आता मंजुळाबाई गप्प होतील, असं मी म्हणणार, तोच पलीकडच्या रिकाम्या गोठ्यातून त्यांचाच आवाज आला. ना गाय, ना चरवी. लग्नाच्या मांडवापासूनचं एकेक निघत होतं, आणि तात्या घरातच होते.

काकी चरवी मांडीवर धरून पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग कुंपणाकडे तोंड करून म्हणाल्या, "जाऊबाई, बांधाचं ऱ्हायलं."