थंड काटा

घाटात जीप पुन्हा उकळली. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती आणि समोरचा तापमानाचा काटा मात्र थंडच्या खुणेवर स्वस्थ बसला होता. जुनी फोर बाय फोर, नुकतीच घेतलेली. पूजेचा झेंडूचा हार अजून पुरता वाळलाही नव्हता. पाणी, पंखा, पट्टा सगळं आधीच तपासून झालं होतं. शेवटी डॅशबोर्ड उघडला. काट्याची वायर कापलेली होती. दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, अगदी निगुतीनं, दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी तशी.

हे काम सुधीरचंच. माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानंच जीप मला विकली. चाकाखाली लिंबू त्यानंच ठेवलं, नारळ त्यानंच फोडला आणि किल्ली देताना डोळे पुसत म्हणाला, "पोरीसारखी सांभाळलीय रे."

फसवलं याचं एवढं नाही. घाईघाईत वायर तोडून दिली असती तर चाललं असतं. ते वेढे मन लावून घातलेत, ते खुपतं. इतकी वर्षं "कसं चाललंय?" विचारलं की तो "निवांत" म्हणायचा, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर मी मैत्री हाकत आलो.

वायर जोडली, चावी फिरवली. काटा सरसर लाल पट्ट्यात गेला. तेवढ्यात फोन वाजला. सुधीरच होता.

"काय म्हणतेय जीप?"

"मस्त चाललीय," मी म्हणालो, आणि लाल काट्याकडे बघत राहिलो.