धावपट्टीखालची विहीर

नाशिकपासून दोन कोसांवर, आमच्या गावच्या माळावर, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात विमानं उतरायची. लढाई संपली, विमानं गेली आणि सिमेंटची लांबलचक धावपट्टी तेवढी मागे राहिली. मी शाळेत होते तेव्हा तिच्यावर गावाची बाजरी वाळायची, शहरातली माणसं स्कूटर शिकायला यायची. त्यांना तिचं भारी कौतुक. मला काडीचंही नव्हतं, कारण ती आमच्या शेतावर होती.

लढाई संपली की जमीन परत देऊ, असं सांगून ती घेतली होती, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, ते खरं मानलं होतं. तेव्हा ते विशीतले. आपल्याच शेतावर ते रोजाने कामाला लागले. आमची विहीर पट्टीच्या टोकाला, विमानं उभी करायच्या जागेत येत होती. मुकादमाने ती दगडमातीने भरायला सांगितली. पण जिवंत झऱ्याची विहीर बुजवायची नाही, बुजवणाऱ्याचं घर बसतं, असं आमच्याकडे मानतात. शिवाय जमीन परत मिळणारच होती. मुकादम दोन दिवस तापाने पडला, तेवढ्यात आजोबांनी आणि तात्यांनी विहिरीच्या तोंडावर सागाचे जाड वासे टाकले, वाशांवर दगडी फरश्या, वर मुरूम. मुकादम येईपर्यंत सगळं सपाट. त्याने कागदावर ‘विहीर भरली’ असं लिहिलं, तात्यांनी खाली अंगठा दिला. सरकारला फसवलं म्हणून बापलेक खूष होते. वर सिमेंट पडलं तेही त्यांनी मजेत पाहिलं असणार.

जमीन परत आली नाही. पट्टीच्या कडेला एक तुकडा उरला होता, त्यावर आमचं चालायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आई नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीवाटीने घागर भरायची. बैलजोडीतल्या एकाने दावणीलाच मान टाकली. दुसरा तरी वाचावा म्हणून तात्या पहार घेऊन पट्टीवर गेले. पट्टी अजून सरकारचीच होती; पहाऱ्यावरच्या शिपायाने पहार काढून घेतली आणि परवानगी आणा म्हणाला.

परवानगीसाठी आम्ही नाशिकला कचेरीत गेलो. मला वाचता यायचं म्हणून तात्यांनी मला सोबत घेतलं होतं. कारकून वाईट नव्हता. त्याने खरंच जुनी फाईल शोधली, कागद आमच्यासमोर ठेवला आणि मी तो मोठ्याने वाचला. विहीर भरली. खाली तात्यांचा अंगठा.

“साहेब, तवा मी खोटं बोललो हुतो,” तात्या म्हणाले.

“मग आता खरं बोलताय हे कशावरून?”

मला कारकुनाचा राग आला नाही, तात्यांचा आला. परतताना मी त्यांना मागे टाकून पुढे चालत राहिले, याची आज लाज वाटते. आठवड्याने दुसरा बैलही गेला. तात्या पट्टीवर जाऊन त्या जागी नुसते बसून राहायचे. खाली पाणी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असून काहीच करता येत नव्हतं.

ऐंशीनंतर शहर गंगापूर रोडवरून सरकत सरकत आमच्यापर्यंत आलं. पट्टी फोडून प्लॉट पाडायचं ठरलं. मी तोवर शिक्षिका झाले होते. तात्यांनी मात्र जेवण टाकलं. “कुणाच्या लेकराबाळाचं घर यील त्या इहिरीवर,” ते म्हणत राहिले. शेवटी चाळीस वर्षं झाकलेली जागा त्यांनी स्वतःच जाऊन इंजिनिअरला दाखवली.

मशीनने सिमेंट उचललं, फरश्या उचलल्या. अर्धे कुजलेले वासे निघाले. खाली बांधकाम शाबूत होतं आणि पाणी होतं. मी इंजिनिअरच्या विनवण्या केल्या, कठडा बांधा, राहू द्या म्हटलं. तो पोरगेला, सभ्य माणूस होता. विहिरीवर येणारे दोन्ही प्लॉट विकले गेलेत बाई, माझ्या हातात काही नाही, असं म्हणाला. तात्यांसाठी त्याने खुर्ची मागवली.

धावपट्टीचेच तुकडे ट्रकने आणून आत टाकले. जसजसे तुकडे पडत गेले तसतसं पाणी वर येत गेलं. पार काठाशी आलं तेव्हा तात्या खुर्चीतून उठले, वाकले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. ते गढूळ होतं. तरी प्यायले. मग पुढचा ट्रक आला.

संध्याकाळी इंजिनिअरने साक्षीदाराची सही लागते म्हणून कागद पुढे केला. सही करायला मीच तात्यांना शिकवलं होतं. त्यांनी मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं, विहीर भरली.

“आता बराबर हाय,” ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.