नावं ठेवणारी केशर

कुंभारवाड्याच्या रानात विखुरलेल्या वस्त्यांपैकी एकीत केशर नावाची म्हातारी राहायची. भात लावणं, कापणं, कांडणं ती चारचौघींइतकंच करायची. तिचा खरा हातखंडा होता नावं ठेवण्यात. जंगलखात्याच्या नव्या गार्डाची टोपी बघून ती म्हणाली होती, "उपडं मडकं. आत काय हाय ते उलटं केल्यावरच कळंल." गार्ड परमुलखातला, त्याला मराठी येत नव्हती म्हणून वस्ती वाचली.

पण तिचं सगळं कसब खर्ची पडलं ते नवऱ्यावर. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज तिनं चाळीस वर्षं पाळला. नवऱ्याला नावं ठेवायची नाहीत, असा रिवाज मात्र कुणी काढलेला नव्हता. तो बिचारा झोपाळू. डुकरं हाकायला शेतातल्या माळ्यावर पाठवावा, तर डुकरं पोटभर खाऊन घरी जायची आणि हा सकाळी विचारायचा, "आज आली न्हाईत व्हय?" एका श्रावणात झोपेतच तो गेला. "मरायला तरी उठायचं," असं म्हणून केशरनं डोळे पुसले. त्यानंतर तो विषय तिनं कुणापाशी काढला नाही.

धाकटी जाऊ सुंदरी हीही विधवाच. तिचा मुलगा उमाजी, त्याची बायको देवकी आणि या दोघांचं तीन महिन्यांचं पोर, असं एकाच अंगणातलं घर. बारशाला पोराचं नाव लाडू ठेवलं होतं. ते काही केल्या झोपायचं नाही. डोळा लागे न लागे तोच दचकून टाहो फोडायचं.

वस्तीनं उपाय सुरू केले. एक हलवी, दुसरी थोपटी, तिसरी कानाशी थाळी वाजवी. दिवसातून तीनदा दृष्ट निघे. मिरच्यांच्या धुरानं पोर खोकलं, की सुंदरी म्हणे, "बघा, केवढी लागली होती!"

"दृष्ट न्हाई, मिरची लागलीय," केशर म्हणायची. "पोर झोपत न्हाई म्हणून वस्ती जागी, आणि वस्ती जागी म्हणून पोर झोपत न्हाई. अंगावरनं उठा की त्याच्या!"

पण जी बाई देवालाही नावं ठेवते, तिचं ऐकायचं कुणी?

मग एके सकाळी उमाजीची कुऱ्हाड रानात घसरली आणि अंगठ्याच्या नखाला चाटून गेली. उभ्या उभ्याच त्याला झापड आली होती. त्याच दिवशी देवकी पोराला मांडीवर घेऊन चुलीपुढं पेज ढवळता ढवळता पेंगली. पोर घरंगळलं. केशरनं झडप घालून त्याचा पाय धरला नसता, तर ते थेट निखाऱ्यांत गेलं असतं. देवकी रडलीही नाही. रडायला लागणारी ताकदही तिच्यात उरली नव्हती. ते बघून केशर पहिल्यांदाच घाबरली. आज पोर वाचलं. उद्या पोर तरी जाईल, नाहीतर पोराची आई.

सुंदरीही घाबरली, पण तिनं बोलावलं बुदवंताला. बुदवंत म्हणजे गावचा मुख्य. नाव झिलू, आवाज ढोलासारखा. त्यानं निदान केलं, "नाव मानवलं न्हाई. घराण्यातला कुणी म्हातारा परत आलाय, आपलं नाव मागतोय."

हे कसं ओळखायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मेलेल्यांची नावं एकेक करून पोराच्या कानात सांगायची. ज्या नावाला पोर गप्प होईल, ते त्याचं.

दुपारी घर भरलं. पोर उमाजीच्या हातात, देवकी खांबाला टेकलेली. झिलू पोराच्या कानाशी वाकून ओरडला, "यशवंत!"

पोरानं टाहो फोडला.

"ह्यांचं सांगा की," सुंदरी तोंडावर पदर घेऊन म्हणाली. तिचा नवरा नागू. त्याचं नाव तिनं कसं घ्यावं?

"नागू!" झिलू गरजला. पोर काळंनिळं झालं.

"बाप्पा, पोरही तो नको म्हणतंय," केशर पुटपुटली.

पणजा झाला, खापरपणजा झाला, रेड्याला अंगावर घेऊन मेलेला एक चुलत आजाही झाला. शेवटी झिलूनं घाम पुसला. "संपली. आणखी कोण हाय?"

मग सुंदरी हळूच म्हणाली, "थोरले दीर राह्यले की."

"त्याचं नको," झिलू म्हणाला. "आळशाचं नाव पोराला कशाला? तो जगला काय न् मेला काय, सारखंच. मुद्दामच सोडलं मी."

केशर उठली. चाळीस वर्षं त्या माणसाला नावं ठेवली होती, पण ती तिनं. ती तिची मिरास होती. या ढोलक्यानं त्याला घराण्यातून वगळावं?

"परशू!" ती घरभर घुमेल अशी ओरडली. "परशू त्याचं नाव! उच्चारायला जीभ झिजते व्हय तुमची?"

सगळे थिजले. थाळी वाजवणारीचा हात हवेतच राहिला. सुंदरीनं तोंडात पदर कोंबला. कुणब्याच्या बाईनं भरल्या घरात नवऱ्याचं नाव घेतलं होतं! श्वासाचाही आवाज येईना.

त्या शांततेत पोरानं एक उचकी दिली, आणि ते गप्प झालं. जन्मल्यापासून इतकी निवांत घटका त्याच्या वाट्याला आली नव्हती.

"परशूच हाय!" झिलूनं हात जोडले.

केशरला सगळं क्षणात उमगलं. देवाला नावं ठेवणारी ती बाई गंभीर चेहरा करून म्हणाली, "मग ऐका. त्याला झोपताना कुणी हलवलेलं खपायचं न्हाई. धूर न्हाई, थाळी न्हाई. जवळ चार माणसं बसली तर उठून शिव्या द्यायचा."

"काय तरीच," सुंदरी म्हणाली. "कानाशी ढोल वाजला तरी भावोजी कूस बदलायचे न्हाईत."

"तू दीर बघितलास, मी नवरा. चल, भायेर!"

पूर्वजाच्या कोपाला भिऊन वस्ती चपळाईनं पांगली. पोराला चटईवर ठेवलं. ते थोडं कुरकुरलं. सुंदरी दारातूनच धावली, तर केशरनं तिचं मनगट धरलं. "राहू दे. आपापलं बोलतोय." कुरकुर लांबली, तुटली, थांबली. उमाजी भिंतीला टेकल्या जागी घोरत होता. देवकी पोरापाशी आडवी झाली ती दुलई घ्यायच्या आधीच झोपली.

"आता पोर आळशी निघणार बघ," अंगणात झिलू हळहळला.

"निघू दे," केशर उंबऱ्यावर ठाण मांडत म्हणाली. "तुमच्यासारख्या उद्योग्यांनी हैराण केलंय त्याला. आणि जरा हळू बोला, बुदवंत. तुमचा आवाज हाय का खळ्यावरचं धान्य बडवायचं मोगरं?"

उन्हं कलली तेव्हा देवकीला जाग आली. चुलीपुढं कुणी नाही, रडणं नाही, थाळी नाही. एवढी शांतता या घरात मयताशिवाय तिनं ऐकली नव्हती. ती धडपडत उठून बसली.

"काकी! कोण गेलं?"

"सगळीच गेली," केशर उंबऱ्यावरून म्हणाली. "नीज तू."