स्क्रूवरचे लाल ठिपके

गल्लीत त्याच्या खऱ्या नावानं चौकशी केलीत तर कुणी पत्ता सांगणार नाही. "शंकासुर म्हणा की! जिन्याखालची खोली," असं मात्र शेंबडं पोरही सांगेल. उमेदीत त्यानं टाइपरायटर दुरुस्त केले, मग एका कचेरीत संगणकांची देखभाल केली, आणि निवृत्त झाल्यावर लोकांनी माळ्यावर टाकलेले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे लॅपटॉप तो पुन्हा चालते करू लागला.

एका गिऱ्हाइकानं कधीकाळी त्याच्यावर आळ घेतला होता, चांगला भाग काढून घेतलात म्हणून. आळ खोटा ठरला, पण सल राहिला. तेव्हापासून काम झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर तो नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. स्क्रू कुणी फिरवलाच तर ठिपका तडकतो. "माझ्या नखांना लागलं नसेल एवढं ह्या डबड्यांना लागलंय," बायको म्हणायची.

एका सकाळी निवृत्त शाळामास्तरीण असलेल्या एक बाई पाटाएवढा जाड, काळा लॅपटॉप पोटाशी धरून आल्या. बटण दाबलं तरी दिवासुद्धा लागत नव्हता.

"ठेवून जा. चार दिवस लागतील."

"ठेवून नाही जाणार. मी इथंच बसते."

"इथं बसायची पद्धत नाही."

"मशीन सोडून जायची माझी पद्धत नाही."

बाई बसल्या. त्यानं लॅपटॉप पालथा केला. तळाशी कोरलेलं नाव बाईंचं नव्हतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. चोरीचा माल? की वाटणीची भानगड?

"हे नाव कुणाचं?"

"ताईचं. माझ्या थोरल्या बहिणीचं."

"मग त्या का नाही आल्या?"

"असती तर तीच आली असती," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुठ्ठ्यावर मशीनचा आराखडा काढायचा आणि निघालेला स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचा, ही त्याची रीत. बाई एकेक स्क्रू मोठ्यानं मोजत होत्या. आत घड्याळाचा छोटा सेल फुटून त्याचा हिरवट क्षार पसरला होता. तो जुन्या टूथब्रशनं स्पिरिट लावून खरवडू लागला. पाच वाजले तशा बाई उठल्या आणि उघडं मशीन पिशवीत भरू लागल्या.

"अहो, अर्धवट खोललंय ते!"

"घरी नेते. उद्या आणते."

"मग स्क्रू इथंच राहतील," तो हट्टानं म्हणाला. स्क्रू आपल्याकडे असेपर्यंत बाई दुसऱ्या कारागिराकडे जाणार नाहीत, हा त्याचा हिशोब.

असे दोन दिवस गेले. रात्री मशीन बाईंच्या घरी, स्क्रू त्याच्याकडे. जणू दोघांनी एकमेकांचं काहीतरी ओलीस धरलं होतं. दुसऱ्या दिवशी चहा देताना बायकोनं सहज विचारलं आणि बाई बोलल्या. दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. शेवटच्या आजारपणात ताई ह्या मशीनवर रोज काहीतरी लिहायची, तिची नर्स सांगत होती.

"माझ्याबद्दलच असणार. दुसरं होतं कोण तिला?" बाई म्हणाल्या. "काय लिहिलंय ते माझ्याआधी कुणी वाचायचं नाही."

तिसऱ्या दिवशी दिवा लागला. पडदा उजळायच्या आत मशीनमधून आवाज येऊ लागला. टक. टक. टक. त्यानं झटकन वायर उपसली.

"काय केलंत?" बाई ओरडल्या.

"मी? हार्ड डिस्क मोडायला आलीय. सगळं लिहिलेलं तिच्यातच असतं. दोन दिवस विनास्क्रूची हिंदकळत नेलीत, त्याचा हा प्रसाद!"

"तुम्ही स्क्रू लावून दिले असतेत तर?"

तो खाली बघत म्हणाला, "आता एकदाच चालेल कदाचित. तेवढ्यात नक्कल करून घेतली पाहिजे. माझ्या संगणकाला जोडतो."

"म्हणजे तुम्ही वाचणार."

त्यानं हातातली वायर गुंडाळून ठेवली. चिडला होता, पण बाईंच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, हेही त्याला कळत होतं.

"दोन पेन ड्राइव्ह आणा, दोन नकला करू; दोन्ही एका घरात नकोत. तुमच्या हातानं, तुम्हाला हव्या त्या दुकानातून. बटणंही तुम्हीच दाबा. मी पाठ करून बसतो."

त्याच्या संगणकाला आजवर बायकोचाही हात लागला नव्हता.

अर्ध्या तासात बाई सीलबंद पाकिटं घेऊन आल्या. त्यानं डिस्क सोडवली, वायरीनं जोडली आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

"काय दिसतंय?"

"पिवळी फोल्डरं. एकावर ताईचं नाव."

"एकदाच टिचकी. आता कंट्रोल आणि सी. हळू, बाई."

मागे डिस्क टकटकत होती. दोन टकटकींमधलं अंतर कमी होत चाललं होतं. पहिली नक्कल झाली. दुसरी झाली, आणि कर्र असा आवाज येऊन डिस्क थंड पडली.

"गेली?" बाईंनी विचारलं.

"ती गेली. तुमच्याकडचं आहे."

दोन टिचक्या वाजल्या; बाईंनी फाइल उघडली असावी. मग नाक ओढल्याचा आवाज, मग चक्क हसू. "मला अजून पेन्सिलचोर म्हणतेय, टवळी!"

तो वळला नाही.

"समोर काचेचं कपाट आहे तुमच्या," बाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "त्याच्या काचेत हा पडदा सगळा दिसतो. मी बघत होते. डोळे मिटून बसला होतात."

पुढच्या आठवड्यात त्यानं दुसरी डिस्क बसवली, ताईंचं लिखाण तिच्यावर बाईंनीच चढवलं, आणि लॅपटॉप सगळ्या स्क्रूंसकट, लाल ठिपक्यांसकट घरी गेला. जाताना बाईंनी दुसरा पेन ड्राइव्ह पाकिटात घालून त्याच्यापुढे ठेवला. "दोन्ही नकला एका घरात नकोत, असं तुम्हीच म्हणालात."

त्यानं पाकीट चिकटवलं, तोंडावर तीन लाल ठिपके दिले आणि ते कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली त्याच्याच खिशात असते. तरी रोज सकाळी खोली उघडली की आधी पाकीट काढून तो ठिपके निरखतो.

"आता कुणाचा संशय?" बायको विचारते.

"माझाच," तो म्हणतो.